लोटनआबांचं ‘फिट’

या, पत्रातूनच का होईना, असे जवळ येऊन बसा. उंबऱ्यात उभं राहून का कुणी गोष्ट ऐकतं? आणि आधी मला थोडं रागावू द्या. मागच्या खेपेला तुम्ही धरणगावला आलात, तेव्हा समोरच्या लोटनआबांनी तुमच्या कोटाची बाही दोन बोटांत धरून ओढली, खांद्यावर थाप मारली आणि आमच्या अहिराणीत “फिट शे”, म्हणजे फिट आहे, म्हणाले. तेव्हा तुम्ही तोंडावर रुमाल धरलात. खोकला आला म्हणून धरला असं सांगू नका, मला दिसत होतं. हसू येतं हे मान्य आहे. मी लग्न होऊन धुळ्याहून या गल्लीत आले तेव्हा पदराआड काही कमी हसले नाही. पण अर्धं ऐकून हसत निघून जाणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठून जाणं. म्हणून बसा आता.

लोटनआबा जीनमध्ये फिटर होते. कापसातून सरकी काढायची यंत्रं तिथे ओळीने उभी असतात, ती बिघडली की आबांना हाक मारायची. जीन नवी उभी राहिली तेव्हा यंत्रं बसवायला एक गोरा साहेब आला होता म्हणे. साहेबाजवळ दोन गाड्या भरतील एवढं इंग्रजी होतं. आबा त्याच्या हाताखाली सहा महिने राहिले आणि त्या सगळ्यातून त्यांनी एकच शब्द उचलला. बोल्ट नीट बसला की साहेब म्हणायचा, फिट. साहेब गेला, शब्द आबांकडे राहिला. आणि घरात आलेली वस्तू वाया घालवायची आबांना सवय नाही.

भरीत खाताना ते एक डोळा मिटत. हिरव्या मिरचीचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, की पाणी पुसत म्हणत, “फिट.” शिंप्याने सदरा इतका आवळून शिवला की हात वर करता येईना, तरी “फिट.” थंडीत अंगावर ऊन आलं की फिट, बैलाच्या मानेवर जू बसलं की फिट, नव्या कलेक्टराच्या डोक्यावरची टोपीसुद्धा फिट. एखाद्याचं आणि सावकाराचं भांडण मिटलं तर “दोन्हीजन फिट व्हयनात.” आणि पसंत न पडलेल्या सगळ्यासाठी त्याचाच उलटा शब्द होता, अनफिट. तो मात्र ते हळू आवाजात म्हणत, कुणाच्या घरचं वाईट सांगावं तसा.

गल्लीच्या टोकाला शाळेचे मास्तर राहत. त्यांना हे सोसवेना. एके दिवशी ते जाड पुस्तक बगलेत मारून आले आणि आबांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवू लागले. “आबा, ऐका. फिट म्हणजे लायक. फिट म्हणजे धडधाकट. फिट म्हणजे मापाला बरोबर. रागाचा झटका येतो तोही फिट. आता तुम्ही नेमका कोणता म्हणता?”

आबा हातावर तंबाखू मळत होते. म्हणाले, “मास्तर, पाना एकच शे, नट शंभर ऱ्हातस.”

मास्तरांनी पुस्तक मिटलं. पुढे आठ दिवस ते हे वाक्य शाळेत पोरांना सांगत होते, पण स्वतःचं म्हणून.

माझ्या नणंदेला पाहायला मुलगा आला तेव्हाची गोष्ट सांगते. मुलगा उंच, गोरा, भांग पाडलेला. सासऱ्यांनी शेजारी म्हणून आबांना बोलावलं. आबांनी मुलाला चार पावलं चालायला लावलं, परत बोलावलं, बसवलं, पुन्हा उठवलं. मुलगा बिचारा यंत्रासारखा उठबस करत होता. मग आबा सासऱ्यांच्या कानाशी लागले, पण जीनमधल्या घरघराटात जन्म गेलेला माणूस, त्यांचं कुजबुजणं अंगणापर्यंत जातं. “पोऱ्या चांगला शे. पन एक आटा ढिला शे.” सासऱ्यांनी ऐकलं नाही, लग्न झालं. जावई तसा गोड माणूस निघाला, पण नरडाण्याच्या स्टेशनावर बिनतिकिटाचा दोनदा सापडला. दुसऱ्या वेळी सोडवून आणायला आबाच गेले होते. येताना वाटेत त्याला काय म्हणाले कोण जाणे, तिसऱ्यांदा काही सापडला नाही.

आणि एक तर हसावं की रडावं असं. पलीकडचे पाटीलबुवा गेले. माणूस साडेसहा फूट. बांधणाऱ्यांनी नेहमीच्या मापाने तिरडी बांधली आणि पाय बाहेर आले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आबा पुढे झाले, बांबू बदलले, काथ्या आवळला, बुवांना नीट निजवलं, दोन्ही बाजूंनी हलवून पाहिलं आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, “फिट.” पाटलीणबाई रडता रडता थांबल्या. मग म्हणाल्या, “हां आबा, जनमभर खाटवर पाय बाहेर ऱ्हायनात त्यासना. आज पुरनात.” आणि पुन्हा रडायला लागल्या.

असा हा माणूस. आता त्यांच्या घरातलं सांगते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्यांची बायको भागाअक्का. बारीक अंगाची, कमी बोलणारी, हाताला विलक्षण सफाई. मूलबाळ नाही. तिने लाटलेला पापड उन्हात धरला तर पलीकडचा निंब दिसावा. आमच्याकडे चैत्र लागला की पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया सुरू होतात आणि ते काम एकटीने करायचं नसतं. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. ज्या घरी काम, त्या घरची बाई आदल्या दिवशी दिवेलागणीला दारोदार जाऊन सांगते, “उद्या आमच्याकडे पापड आहेत, या बरं.” हे सांगणं आलं म्हणजे तुम्ही गल्लीतल्या. नाही आलं म्हणजे नाही.

एका चैत्रात पापड माझ्याकडे होते. बारा-चौदा जणी बसलो होतो. भागाअक्का लाटता लाटता थांबली, डोळे फिरले आणि ती आडवी झाली. हातपाय झडायला लागले, तोंडाला फेस आला, पापडांची परात उलटली. आम्ही कुणीच असलं कधी पाहिलं नव्हतं. निम्म्या जणी उठून पळाल्या. आमच्या गल्लीतल्या यमुनाकाकूने चप्पल आणून तिच्या नाकाशी धरली. दोघींनी हात दाबून धरले. ते सगळं आपोआप थांबलं तेव्हा अक्काने डोळे उघडले, आजूबाजूला विखुरलेले पापड बघितले आणि ते गोळा करायला लागली.

आबांनी तिला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हिला फिट येते.

आबा डॉक्टरांशी वाद घालून आले होते म्हणे. “साहेब, दुसरं काही नाव सांगा. हाई त्या शब्दनं काम नही.” डॉक्टर म्हणाले, याला तोच शब्द आहे. त्यांनी औषध दिलं. पुन्हा आली तर चप्पल-कांदा काही करू नका, हातपाय दाबू नका, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, थांबेपर्यंत जवळ बसा, एवढं शिकवलं. आबांनी घरोघरी जाऊन ते आम्हाला करून दाखवलं, स्वतः जमिनीवर कुशीवर निजून. आम्ही ऐकलं आणि मान हलवली.

पण शब्द गल्लीत पोचला होता. भागाअक्का ‘फिटवाली’ झाली. तोंडावर कुणी म्हणत नसे, नळावर म्हणत. महिनाभर आबांच्या तोंडचा तो शब्दच गेला. बोल्ट बसला तरी गप्प, भरीत झणझणीत झालं तरी गप्प. आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. मग एका सकाळी ते ओट्यावर आले, सूर्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, “आज ऊन फिट शे.” त्या दिवसापासून पूर्वीच्या दुपटीने तो शब्द वापरायला लागले. गाईला फिट म्हणाले, घागरीला म्हणाले, यमुनाकाकूच्या नव्या नथीला म्हणाले. ‘फिटवाली’ म्हणणारणीसमोरून गेले की हटकून तिच्या एखाद्या वस्तूला म्हणायचे. शेवटी शब्द इतका रुळला की त्याने टोचायचं कुणाला तेच कळेना. मास्तर म्हणत, आबांचं डोकं फिरलं. मला आता वाटतं, ते चांगलं जागेवर होतं.

शब्दाचं टोचणं गेलं, पण माणसं आली नाहीत. पुढच्या चैत्रात मी पापडांचं सांगायला निघाले. एकेक दार केलं. भागाअक्काच्या दाराशी आले, ती आत चुलीशी बसलेली दिसली, आणि मी पुढच्या दाराला गेले. आज कबूल करते. घरात सासू होती, लहान लेकरं होती, यमुनाकाकू म्हणाली होती की ती येणार असेल तर मी नाही. ही सगळी कारणं खरी होती आणि एकही पुरेसं नव्हतं. इतर जणींनीही तसंच केलं. दोन चैत्र तिला कुणी सांगितलं नाही. तरी ती सणावाराला आमच्या घरून पापडाचं ताट गेलं की घ्यायची, रिकामं ताट कधी पाठवायची नाही, त्यात दोन लिंबं तरी टाकायची.

तिसऱ्या वर्षी आबांनी शेवयांचं यंत्र करायला घेतलं.

आमच्याकडे शेवया हाताने वळत. पाटावर घासून एकेक तार ओढायची. दिवसभर बसा तेव्हा लहान डबा भरतो आणि पाठ मोडते ती अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, सरळ होत नाही. आबांनी जीनच्या मालकांना विचारून भंगारातलं पितळ आणलं. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून घासायचे. पहिलं यंत्र झालं. जीनमध्ये हाताशी असलेल्या मापानेच भोकं पाडली होती, त्यामुळे त्यातून ज्या शेवया निघाल्या त्या करंगळीएवढ्या.

यमुनाकाकू बघायला आली. “आबा, ह्या शेवया शेतस का बैलनं दावं?”

“खावाले फिट शे,” आबा म्हणाले आणि चार दिवस दुधात बुडवून चावत राहिले.

दुसऱ्या यंत्राने खालून काही दिलंच नाही, वरून कणकेचा गोळा उडवला. तो आढ्याला चिकटला. काढायला शिडी लावावी लागली, आणि आबा शिडीवरून खाली बघून म्हणाले, “वर मातर एकदम फिट बसना.” त्या दिवशी भागाअक्का हसली. कितीतरी दिवसांनी तिचं हसणं आमच्या घरापर्यंत आलं.

तिसरं यंत्र मात्र असं झालं की काय सांगू. दांडा फिरवला की केसासारख्या तारा सळसळत खाली. सकाळच्या न्याहारीपासून दुपारपर्यंत दोन पायलीच्या शेवया. सगळी गल्ली लोटली. आबांनी ते यंत्र आपल्याच ओट्याच्या लाकडी खांबाला चार बोल्ट घालून आवळून टाकलं होतं.

यमुनाकाकू म्हणाली, “आबा, उद्या एक दिन मन्हा घर लई जाऊ द्या. सांजले आनी देसू.”

“नही.”

“कसाले नही?”

“हाई आठेच फिट शे,” खांबावर थाप मारत आबा म्हणाले. “हालाडं ते अनफिट व्हई जाई.”

“सोनानं शे का तुमनं मशीन?”

“पितळनं शे. पन आठेच शे.”

मीही घरून निरोप पाठवून पाहिला, ह्यांनीही शब्द टाकला. आबा हलले नाहीत. गल्लीत बोलणं सुरू झालं, म्हातारपणी माणूस कंजूस झाला, पितळेवर नाग होऊन बसला. पण हाताने शेवया वळून बघा म्हणजे कळेल. आठ दिवसांत पहिली बाई रव्याची परात डोक्यावर घेऊन आबांच्या ओट्यावर चढली. मग दुसरी. मग मी. मग नाक मुरडत यमुनाकाकू.

पहिल्या वर्षी आम्ही भागाअक्कापासून अंग चोरून बसायचो. दांडा फिरवणारी एक, कणीक देणारी एक, आणि खाली पडणाऱ्या तारा काडीवर झेलून खाटेवर पसरणारी एक. ही झेलायची कला भल्याभल्यांना साधत नाही, तारा एकमेकींना चिकटतात. आमच्या शेवयांचा लगदा व्हायला लागला. भागाअक्का दारातून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही, पुढे आली, माझ्या हातातली काडी घेतली आणि एका हेलकाव्यात तारा खाटभर अशा अंथरल्या, जशी कुणी नदी वाळवायला घातली. त्या दिवसापासून काडी तिच्याकडे. हात गुंतले की तोंडं मोकळी होतात. यमुनाकाकू सुनेच्या कागाळ्या सांगायची, अक्का ऐकायची, आणि शेवटी एकच शब्द बोलून सगळ्यांना हसवायची. आबांकडूनच शिकली असावी.

दुसऱ्या चैत्रात, उन्हं चढलेली असताना, काडी तिच्या हातातून पडली.

मी शेजारीच होते. तिचे डोळे फिरले तेव्हा मला पळावंसंच वाटलं, खोटं सांगत नाही. पण हात पुढे गेले. तिला कुशीवर वळवलं, माझा पदर गुंडाळून डोक्याखाली दिला. एक सासुरवाशीण चप्पल आणायला धावली तर यमुनाकाकू तिच्यावर वसकन ओरडली, “ठेव ती खाले. आबासनी जमिनवर लोळीसन शिकाडं ते काय फुकट?” आणि मग मला, “तू तिले धर. मी दांडा फिरावस. कनीक सुकी जाई.” एकीकडे भागाअक्काचं अंग झडत होतं, दुसरीकडे यमुनाकाकू दांडा फिरवत होती, झेलायला कुणी नाही म्हणून शेवया जमिनीवर पडत होत्या आणि ती त्यांनाही शिव्या देत होती. एकही बाई घरी गेली नाही.

थांबलं. अक्काला तिथेच ओट्यावर झोप लागली, अशा वेळी लागते. आम्ही तिच्या भोवती बसून पुढच्या कामाला लागलो.

दुपारचा भोंगा झाला आणि आबा भाकरी खायला घरी आले. पायरीवरच थांबले. बायको निजलेली, डोकं माझ्या मांडीवर, माझे हात कणकेचे, आणि भोवती सहा-सात बायका कुणाच्या तरी जावयाच्या खोड्या काढत बसलेल्या.

“काय व्हयनं?” त्यांनी विचारलं.

“काही नही,” यमुनाकाकू म्हणाली. “अर्धी पायली ऱ्हायनी शे. अक्का उठनी का झेली. आमना हातले तिन्हागत सफाई नही.”

आबा आत गेले. भाकरी खाताना आमच्याकडे पाठ करून बसले होते. भाकरी एक होती, पण त्या दिवशी ती संपायला फार वेळ लागला. दुसरा भोंगा होऊन गेला तरी ते उठले नाहीत, आणि आबांनी भोंगा चुकवल्याचं मी एवढंच एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घालत होते. आबा पाना घेऊन ओट्यावर बसले होते. चारही बोल्ट काढले. यंत्र फडक्यात गुंडाळलं, उचलून माझ्या दाराशी आणून ठेवलं.

“ले, माय. आते जठे लागी तठे लई जा. कोनाबी घर.”

मी म्हटलं, “आबा, दोन वर्षं पाया पडलो तेव्हा हलवू दिलं नाही.”

“तव्हय आठे गरज व्हती,” ते म्हणाले. “आते नही.” आणि पाना खांद्यावर टाकून जीनला निघून गेले.

समोरच्या खांबावर चार रिकामी भोकं दिसत होती, आणि त्याखाली आम्ही अक्काशेजारी बसायचो ती जागा. दोन वर्षं आम्ही त्या म्हाताऱ्याला कंजूस म्हणत होतो.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी शेवयांचं सांगायला निघाले. पहिल्यांदा समोरच्या ओट्यावर गेले. भागाअक्का दिव्याची काच पुसत होती. म्हटलं, “अक्का, उद्या माझ्याकडे शेवया आहेत. या बरं.” ती मग हळूच म्हणाली, “मी इसू? तुमले चाली?” मी आत जाऊन तिच्याजवळ बसले. बाकीची दारं त्या दिवशी यमुनाकाकूने केली.

आता ते यंत्र आमच्या गल्लीत फिरतं असतं. कुणाच्या घरी आहे हे चैत्रात विचारत जावं लागतं. अक्काला अजून अधूनमधून होतं, होतं तिथे कुणीतरी तिला कुशीवर वळवतं आणि काम चालू राहतं. आबांची जीनमधली नोकरी संपली, कान पार गेले. तुम्ही येऊन गेल्यापासून दोनदा तुमची चौकशी केली त्यांनी. कोट घालून आलेला तो पाहुणा पुन्हा का येत नाही म्हणाले. मी काय सांगायचं? पत्रं पाठवू नका, वाचून दाखवलेलं त्यांना ऐकू येत नाही. स्वतः या, अखाजीच्या आधी या, आणि त्यांच्या ओट्यावर बसून मोठ्याने बोला. शेवया मी करून ठेवते. पण लवकर या हो, आबा, अक्का आणि मी, आम्हा तिघांचीही वयं झाली.